घंटा आणि क्रमांक

दूरध्वनीची घंटा वाजली की पूर्वी घरातले कोणीतरी धावत जाई, आणि "हॅलो, कोण बोलतंय?" असा प्रश्न झाल्यावाचून संभाषणास आरंभ होत नसे. पलीकडील मनुष्यही आपले नाव, गाव आणि काम एका दमात सांगे. आता घंटा वाजते, सर्वांची दृष्टी पडद्याकडे वळते, आणि तेथील आकड्यांवरून फोन घ्यावा की नाही ह्याचा निकाल लागतो. क्रमांक ओळखीचा असला तर "हं, बोल". अनोळखी असला तर वाजू दे! हा फरक इतक्या निमूटपणे घडून आला की, त्याविषयी दोन शब्द लिहावेत असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. आम्हांस ते वाटले, ह्याचे कारण आमच्या विज्ञान-मंडळाच्या कपाटात बरीच वर्षे धूळ खात पडलेला एक जुना मोडेम होय.

मोडेम म्हणजे काय, हे आज आठवी-नववीतील विद्यार्थ्यांस सांगावे लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हापासून पुढील दहा-बारा वर्षे बहुतेक घरांत ते टेलिफोनच्या तारेतूनच येत असे. संगणकाची भाषा शून्य आणि एक ह्या दोन चिन्हांची. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी ओढलेली. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी ही पेटी संगणकाच्या पाठीशी बसून शीळ घालावी तसे आवाज काढी. ते आवाज ज्यांनी ऐकले आहेत अशा वाचकांस त्यांचे वर्णन सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी ऐकले नाहीत त्यांस ते शब्दांनी कळणार नाही.

ह्या पेटीशी बोलण्याची भाषा मात्र अवश्य शिकावी असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत डेनिस हेझ ह्यांच्या कंपनीने १९८१ साली 'स्मार्टमोडेम' बाजारात आणला. त्याचा वेग दर सेकंदास अवघा ३०० बिट. परंतु त्याने एक गोष्ट अशी केली की ती आजतागायत टिकून आहे. मोडेमला काय करावयाचे ते संगणकावरून लेखी आज्ञा देऊन सांगता येऊ लागले, आणि प्रत्येक आज्ञेच्या आरंभी 'एटी' ही दोन अक्षरे आली. एटी म्हणजे 'अटेन्शन'. कवायतीत शिक्षक 'सावधान' म्हणतात आणि मग पुढील हुकूम देतात, तोच हा प्रकार. नुसते 'एटी' टंकित करून एन्टरची कळ दाबली की मोडेम 'ओके' असे उत्तर देतो; हजेरीच म्हणा ना. आजच्या मोबाइल फोनच्या व डोंगलच्या पोटात जो मोडेम असतो, त्याच्याही हुकुमांचा आरंभ ह्याच दोन अक्षरांनी होतो. चाळीस वर्षांहून अधिक काळ एखादा रिवाज यंत्रांच्या जगात टिकावा ही सामान्य गोष्ट नव्हे.

फोन करणाराचा क्रमांक दाखव, असा हुकूम ह्या भाषेत देता येतो. पुष्कळशा मोडेमांत तो 'एटी+व्हीसीआयडी=१' असा आहे. (अक्षरे व आकडे अर्थातच इंग्रजी टंकावेत.) काही जुन्या मोडेमांस तोच हुकूम 'एटी#सीआयडी=१' अशा स्वरूपात कळतो; मोबाइलच्या मोडेमात 'एटी+सीएलआयपी=१' असा द्यावा लागतो. १ च्या जागी २ घातला तर मोडेम आलेला निरोप न सोडविता जसाच्या तसा आकड्यांच्या माळेत ओततो, आणि ० घातला तर सोय बंद होते. आपला मोडेम काय काय जाणतो हे त्यालाच विचारता येते: 'एटी+व्हीसीआयडी=?' असे लिहिले की तो शक्य ते पर्याय सांगतो, आणि नुसते प्रश्नचिन्ह शेवटी ठेवले की सध्या कोणता पर्याय चालू आहे ते सांगतो. यंत्रास हुकूम देण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारण्याची ही सवय आम्हांस फार आवडली. हुकूम त्यास समजला नाही तर 'एरर' असे उत्तर येते. मात्र 'ओके' आले म्हणजे काम झालेच असे समजू नये. हुकूम समजणे निराळे आणि तो पार पाडण्याची सामग्री अंगी असणे निराळे.

आणि येथेच आमच्या प्रयोगाची गाडी अडली. मोडेमने 'ओके' म्हटले, शाळेच्या कचेरीतील फोनची तार जोडली, मंडळातील एकाने बाहेरून फोन केला. पडद्यावर 'रिंग', 'रिंग' अशी अक्षरे उमटत राहिली, क्रमांक मात्र येईना. गावातील एका दुकानदाराने मोडेम बिघडला असल्याचा निर्वाळा देऊन तो टाकून देण्याचा सल्ला दिला. मोडेम बिघडलेला नव्हता. तो परदेशी रीतीने वाढलेला होता, एवढेच.

ह्याचा उलगडा फार मनोरंजक आहे. अमेरिकेत घंटा दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या त्या शांततेत टेलिफोन-केंद्र आपला निरोप तारेवरून पाठविते. १२०० हर्ट्झचा स्वर म्हणजे एक, २२०० हर्ट्झचा स्वर म्हणजे शून्य, आणि वेग सेकंदास १२०० बिट. त्या निरोपात महिना, दिवस, तास, मिनिट, क्रमांक आणि सोय असेल तेथे नाव, एवढे असते. वर्ष नसते! कोणी फोन केला हे ताबडतोब पाहावयाचे असल्यामुळे वर्षाची आवश्यकता कोणास वाटली नसावी. मोडेमने पहिल्याच घंटेला फोन उचलला तर हा निरोप हुकतो; म्हणून ज्यांस क्रमांक पाहावयाचा आहे त्यांनी 'एटीएस०=०' असा हुकूम देऊन मोडेमची आपण होऊन फोन उचलण्याची खोड बंद ठेवावी, किंवा शेवटी ० ऐवजी २ लिहून त्यास दुसऱ्या घंटेपर्यंत थांबावयास लावावे.

आपल्याकडील घंटा जोडीने वाजते: ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद विराम, पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. आणि आपल्या पुष्कळ टेलिफोन-केंद्रांनी क्रमांक पाठविण्यासाठी निराळीच रीत धरली. घंटा वाजण्यापूर्वीच तारेतील विजेची दिशा उलटवावयाची आणि लगेच कळफलकावरील आकडे दाबल्यावर जे जोडस्वर उमटतात त्याच स्वरांत क्रमांक सांगून टाकावयाचा. ५ ची कळ दाबली की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकदम वाजतात. प्रत्येक आकड्याची अशी एकेक जोडी ठरलेली आहे. ह्या रीतीत क्रमांक तेवढा येतो, तारीख-वेळ-नाव काही येत नाही. इंग्लंडची रीत आणखी तिसरीच: विजेची दिशा उलटते, पहिल्या घंटेपूर्वीच निरोप येतो, परंतु तो अमेरिकेसारख्या शून्य-एकाच्या स्वरांत असतो. तेव्हा आमचा मोडेम दोन घंटांमधील शांततेत कान लावून बसला होता आणि निरोप घंटेच्या आधीच येऊन निघून जात होता. भेटीची वेळ एकाने दुपारी आणि दुसऱ्याने सकाळी धरावी तसा हा घोटाळा.

ह्यावरही हुकूम आहे. 'एटी+जीसीआय' ह्या हुकुमाने मोडेमला आपण कोणत्या देशात आहोत हे सांगता येते. अमेरिकेचा अंक बी५, भारताचा ५३. हे आकडे षोडशमान पद्धतीचे आहेत. आपल्या नेहमीच्या गणतीत ५३ म्हणजे ८३ होतात, हे दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. ज्या मोडेमच्या पोटात त्या त्या देशाची रीत भरलेली असते त्यास एवढे सांगणे पुरते. आमच्यास पुरले. अर्थात टेलिफोन-केंद्राकडून ही सोय आपल्या क्रमांकावर चालू असली पाहिजे, ही अट आहेच. आणि ज्या मोडेमात ती रीत मुळातच नसेल त्यास कितीही हुकूम केले तरी व्यर्थ.

आता आमच्या म्हणण्याच्या गाभ्याकडे येतो. हा सारा खटाटोप करून क्रमांक पडद्यावर उमटला, तेव्हा सर्वांना आनंद झाला. पण एका विद्यार्थ्याने विचारले की, हा क्रमांक खरा कशावरून? प्रश्न साधा, पण त्याने आम्हांस आठवडाभर विचार करावयास लावले. अमेरिकन रीतीच्या निरोपात शेवटी एक पडताळ्याचा अंक असतो. निरोपातील सर्व अंकांच्या बेरजेत तो मिळविला की एकूण २५६ च्या पटीत यावी लागते. बेरीज जुळली तर वाटेत काही गळाले-बदलले नाही असे मोडेम समजतो. परंतु बेरीज जुळली म्हणजे निरोप धाडणाऱ्याने जे लिहिले ते बिनचूक पोचले, एवढेच सिद्ध होते. त्याने खरे लिहिले की खोटे, ह्याविषयी बेरीज मुकी आहे. पोस्टाने आलेल्या पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव सुवाच्य अक्षरांत असले म्हणून पत्र त्यानेच लिहिले असे जसे सिद्ध होत नाही, तसेच हे.

जोवर निरोप लिहिण्याचे काम टेलिफोन-केंद्राच्या हाती होते तोवर ह्या शंकेस फारसे महत्त्व नव्हते. इंटरनेटवरून फोन करण्याची सोय झाली आणि फोन करणाऱ्याचे यंत्रच आपला क्रमांक लिहू लागले. मग परक्या देशात बसून भारतातला क्रमांक दाखविणे हा भामट्यांचा धंदा झाला. अमेरिकेने २०१० साली फसविण्याच्या हेतूने खोटा क्रमांक दाखविण्याविरुद्ध कायदा केला. आपल्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही दूरसंचाराच्या ओळखचिन्हांत फेरफार करणे गुन्हा ठरविला. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात परदेशातून भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून येणारे फोन अडविण्याची यंत्रणा केंद्र सरकारने सुरू केली. हे सर्व योग्यच आहे. तरीही घरोघरच्या वडीलधाऱ्यांस 'पोलिस बोलतो आहे', 'तुम्हांला फोनवरच अटक झाली आहे' असे धमकावून त्यांची आयुष्यभराची पुंजी लुबाडण्याचे प्रकार आपण वर्तमानपत्रांत वाचतो. फोनवरून अटक ही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अशा फसवणुकीची तक्रार १९३० ह्या क्रमांकावर करावी, हे प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजी-आजोबांस सांगून ठेवावे. लुबाडले जाणारे सर्वच भोळे असतात असे नाही. पडद्यावरच्या आकड्यांवर त्यांचा जो विश्वास बसला तो आपण सर्वांनी मिळून बसविलेला आहे.

ह्यावर उपाय म्हणून क्रमांकाबरोबर नावही दाखवावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या फेब्रुवारीत केली. सिमकार्ड घेताना अर्जात जे नाव दिले असेल ते समोरच्यास दिसावे, अशी ती योजना. वरवर पाहता ह्यात खोट काढण्यासारखे काही नाही, आणि भामट्यांस त्यामुळे काहीसा आळा बसेल हेही आम्ही मान्य करतो. तथापि आमच्या मनात दोन शंका आहेत.

आपल्या घरांत सिमकार्ड कोणाच्या नावावर असते? बहुधा वडिलांच्या, क्वचित काकांच्या किंवा थोरल्या भावाच्या. मुलीने मैत्रिणीस फोन केला की तेथे वडिलांचे नाव झळकणार, आईने माहेरी फोन केला की तेथेही तेच. नाव खरे, आणि बोलणारे माणूस निराळे! त्यात आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांत एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे तीन कागदांवर तीन तऱ्हांची असतात, ही मौज वेगळीच.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९८७ च्या सुमारास क्रमांक दाखविण्याची सोय प्रथम विक्रीस आली, तेव्हा तेथे मोठा वाद माजला. घाणेरडे बोलणाऱ्यांच्या आणि धमक्या देणाऱ्यांच्या फोनने त्रासलेले लोक म्हणाले, आमच्या दारात कोण उभे आहे हे पाहण्याचा आम्हांस अधिकार आहे. ह्याला उत्तर काय देणार? परंतु नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आश्रयगृहात आलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी दुसरी बाजू मांडली. अशी स्त्री मुलांची चौकशी करण्यासाठी घरी फोन करील, आणि तेवढ्यावरून तिचा ठावठिकाणा उघडा पडेल! पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यायालयाने १९९० साली ही सोय तेथील कायद्याच्या विरुद्ध असल्याचा निर्णय दिला आणि १९९२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे १९९५ साली केंद्रीय आयोगाने देशभरासाठी तोड काढली: क्रमांक दिसेल, पण फोन करण्यापूर्वी तारा, ६ आणि ७ ह्या कळा दाबल्या तर त्या फोनापुरता तो झाकला जाईल. अशा वेळी मोडेमच्या पडद्यावर क्रमांकाच्या जागी 'पी' हे अक्षर येते, म्हणजे खाजगी. क्रमांक दूरच्या केंद्राकडून मिळालाच नाही तर 'ओ' येते. पहिल्यात कोणीतरी जाणूनबुजून पडदा ओढलेला असतो, दुसऱ्यात यंत्रणेचीच असमर्थता असते. आपण मात्र दोन्हींस सारखेच संशयित मानून फोन कापतो.

आपल्या देशात क्रमांक झाकण्याची सोय सामान्य ग्राहकास सहजासहजी मिळत नाही. भामट्यांचा सुळसुळाट पाहता ती सर्वांस खुली करावी असा आमचा आग्रह नाही. पण कल्पना करा की, एखाद्या मुलीने वा तिच्या आईने मदत मागण्यासाठी एखाद्या संस्थेस फोन केला. मदत करणाऱ्यास तिचा क्रमांक दिसणे योग्यच. मध्येच फोन तुटला तर तिला शोधणार कसे? पण त्या संस्थेने उलट फोन केला आणि घरातील फोनवर, नेमका ज्याच्या भीतीने ती मदत मागत होती त्याच्याच डोळ्यांसमोर, संस्थेचे पूर्ण नाव झळकले तर? मुलांच्या मदतीसाठी १९९६ साली मुंबईत सुरू झालेला १०९८ हा क्रमांक आज आपल्या पाठ्यपुस्तकांवर छापलेला असतो. तेथे काम करणाऱ्यांचे, स्त्रियांच्या मदत-केंद्रांचे, वैद्यकीय सल्ला देणाऱ्यांचे उलट फोन नावाविना, नुसत्या क्रमांकाने जावेत, अशी तरतूद नाव दाखविण्याच्या योजनेत स्पष्ट शब्दांत असली पाहिजे. ही अडचण तंत्राची नाही. जी यंत्रणा नाव पाठवू शकते ती ते न पाठविण्याचेही पाळू शकते; मोडेमच्या हुकुमात १ आणि ० एकाच कळफलकावर असतात.

आमचे काही मित्र म्हणतात, एवढा विचार कशाला? पडदा काय सांगतो ते पाहावे आणि मोकळे व्हावे. त्यांस आम्ही एवढेच सुचवितो की, त्यांनी एकदा ह्या जुन्या मोडेमजवळ बसून पाहावे. फोनच्या गुळगुळीत पडद्यावर क्रमांक आयता येतो तेव्हा तो आकाशातून उतरल्यासारखा भासतो. काळ्या पडद्यावर आपणच हुकूम टंकून, देशाचा अंक बदलून, तारेवर कान देऊन तो मिळविला की तो कोठून निघाला, कोणी लिहिला आणि कोठे बिघडू शकतो हे डोळ्यांस दिसते. आमच्या मंडळातील सहावीच्या मुलांनी ०८३२ पाहून "गोवा!" आणि ०२३१ पाहून "कोल्हापूर!" असे ओरडण्याचा खेळच मांडला होता, आणि आपल्या बेळगावचा ०८३१ व गोव्याचा ०८३२ हे अंकही शेजारीच आहेत हा शोध त्यांचाच.

जाता जाता एक विनंती वडीलधाऱ्यांस व विद्यार्थ्यांस सारखीच. फोन करताना समोरच्या पडद्यावर आपला क्रमांक दिसत असला तरी आपले नाव सांगण्याची जुनी रीत सोडू नये. "नमस्कार, मी अमक्याचा मुलगा बोलतो आहे, काका घरी आहेत का?" ह्या वाक्यास चार सेकंद लागतात, नेमकी अमेरिकन घंटेतील शांततेइतकी.

मोडेम आता संगणक-कक्षातील खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला असून दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास तो सर्वांस खुला असतो. देशाचा अंक व क्रमांक दाखविण्याचा हुकूम एकदा देऊन 'एटी&डब्ल्यू' केले की मोडेम त्यातले बरेचसे ध्यानात ठेवतो, पण सर्व काही ठेवीलच असे नाही; म्हणून आरंभी 'एटीझेड' देऊन मग भिंतीवर चिकटविलेल्या कागदावरील हुकूम क्रमाने पुन्हा टंकावेत. 'एटी&एफ' हा हुकूम मात्र शिक्षकांस विचारल्यावाचून कोणी देऊ नये. त्याने मोडेम कारखान्यातून निघताना जसा होता तसा होतो, आणि पुन्हा अमेरिकेतील घंटेची वाट पाहू लागतो.